चाकाखालची जोडणी

मंगळवार, ८ सप्टेंबर

आजही याचं भिंतीकडे तोंड.

सकाळी ठेवलेला चहा संध्याकाळी आले तेव्हा तसाच, वर साय धरलेला. नणंद दुपारी येऊन गेली, तिने तो कप उचललासुद्धा नाही. "दादाला वाटलं तर पिईल" म्हणे! गार चहा प्यावासा कुणाला वाटतो? ओतून टाकला. दिवसभरातलं आमचं बोलणं — मी : खिडकी लावू का? तो : हं. झालं.

डॉक्टरांनी परत तेच सांगितलं. मणक्याचं हाड भरून आलंय. पाय गेलेले नाहीत, फक्त विसरलेत. आधी खुर्चीत बसायचं, मग धरून उभं राहायचं, मग पुढचं पुढे. "पण त्यांनी मनावर घ्यायला हवं हो." आणि लवकर घ्यायला हवं, नाहीतर स्नायू वाळून जातील, मग मनावर घेऊनही उपयोग नाही. हे मला बाहेर बोलावून सांगितलं, दार लोटून घेऊन. आत त्याला सगळं ऐकू गेलं असणार. कान काही पडले नव्हते जिन्यावरून.

जन्मभर लोकांच्या घरात लाकडी जमिनी बसवल्या या माणसाने. गुडघ्यांवर बसून, पॅनेलला पॅनेल लावत, शीळ घालत. आणि पडला तो गिऱ्हाइकाच्या जिन्यावरून, खांद्यावर पॅनेलचा गठ्ठा घेऊन. उन्हाळ्यातली गोष्ट. तेव्हापासून हे असं.

मला फार काही नको. चालणं नको, धावणं नको. त्या पलंगावरून उठावं फक्त. माझ्याकडे तोंड करून भांडावं. बास.

बुधवार, ९ सप्टेंबर

नणंद विचारते, "वहिनी, तुम्ही नक्की करता काय हो कारखान्यात?" इतक्या वर्षांनी! तिलाही त्या खोलीतली शांतता सोसत नाही, म्हणून काहीतरी विचारायचं.

दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. जमिनीवर घालायच्या लाकडी पॅनेलच्या एका कडेला जीभ असते, समोरच्या कडेला खाच. तिरपं धरून जीभ आत सारायची, खाली दाबायचं, आतला आकडा पकडतो — कट्! ना खिळा, ना डिंक. सगळी जमीन एकमेकांना धरून नुसती पडून असते, खाली कुठेच चिकटलेली नसते. ती जीभ केवढी, खाच केवढी, आकडा किती वाकडा, ते मी ठरवते.

"म्हणजे नुसत्या कडा काढता? दिवसभर?"

"दिवसभर."

"आणि मधलं?"

"मधलं दुसरे करतात."

बिचारीला माझी दया आली असावी. जाताना सगळी भांडी घासून गेली.

शुक्रवार, ११ सप्टेंबर

मोठी मागणी आलीय, एका वृद्धाश्रमाची. साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं — तिथे सकाळपासून चाकाच्या खुर्च्या फिरणार. जोडणी उघडली तर कुणी म्हातारं माणूस अडखळून पडेल, आणि मग आपण गेलोच बाराच्या भावात. माझी नवी कड तयार आहे. आकडा जरा खोल, जीभ जरा जाड. पण टाचणी म्हणाली, "यंत्रावर पास झाली म्हणजे घरात होईलच असं नाही." टाचणी म्हणजे आमची चाचणी विभागातली. अंगाने तशीच आणि बोलण्यानेही. पण आज पहिल्यांदाच तिचं पटलं. यंत्रावर चाक एकाच जागी गरगरत राहतं. माणूस असा फिरतो का?

आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "माझ्या घरी लावा ना. माझ्याकडे चाकाची खुर्ची आहे."

साहेब चष्मा पुसायला लागले.

खुर्ची आहे, खरंच आहे. पण ती दाराआड उभी आहे आणि तिच्यावर टॉवेल वाळतात, हे नाही सांगितलं. आणि मला तिथे कड तपासायची नाही, माणूस उठवायचाय, हे तर कुणालाच नाही सांगितलं.

रविवार, १३ सप्टेंबर

जमीन घातली.

कटरवाला आला होता मदतीला. माझ्या कडा मशीनवर कापतो तो. नणंदही होती. पलंग अलीकडे ओढला, मग पलीकडे ओढला, हा त्याच्यावर पडूनच. सामानासारखा. लाज वाटली मला. त्याला वाटली की नाही, देव जाणे.

दुपारी ठोकाठोक चाललेली असताना पलंगावरून आवाज आला. घोगरा, न वापरलेला.

"भिंतीपाशी फट सोडलीत का?"

माझ्या हातातला ठोकळा हातातच राहिला. "सोडली."

"किती?"

"बोटभर."

"बोट कुणाचं? त्याचं की तुझं?"

कटरवाल्याची बोटं म्हणजे दाराच्या कड्या आहेत. माझं, म्हटलं. "मग ठीक." आणि परत भिंत.

फट सोडावीच लागते. ओल्या हवेत लाकूड फुगतं, त्याला पसरायला जागा हवी, नाहीतर मधेच कुबड काढतं. हे मला काय तो शिकवणार! पण शिकवलं. आत जाऊन नळ सोडला आणि यथेच्छ रडून घेतलं. सलग एवढी वाक्यं तो उन्हाळ्यानंतर आज बोलला. कटरवाल्याने बाहेरून दोनदा विचारलं, ताई, पाणी गेलं का.

बुधवार, १६ सप्टेंबर

"मला रोज खुर्ची फिरवणारा माणूस हवा," म्हटलं. "खिडकीपासून दारापर्यंत, परत खिडकीपर्यंत. तुला जमणार नसेल तर शेजाऱ्यांना सांगते."

"शेजारी जाडा आहे. तुझी जोडणी मोडेल."

"मग?"

मी भाजी चिरायला आत गेले, तेव्हा मागून — "टॉवेल काढ त्या खुर्चीवरचे."

रविवार, २० सप्टेंबर

खांब बसवला!

व्यायाम करवून घ्यायला जो येतो — चाल अशी की आम्ही त्याला हवालदार म्हणतो — तो म्हणाला, पलंगाशेजारी धरून उभं राहायला भक्कम काहीतरी हवं, जमिनीत घट्ट रोवलेलं. लोखंडी खांब आणवला, खाली चौकोनी थाळी, चार बोल्ट. ड्रिल मीच चालवलं. पॅनेलमधून आरपार खाली काँक्रीटमध्ये. करकचून आवळला. आता हत्ती बांधला तरी हलायचा नाही. तो खुर्चीत बसून बघत होता, न बोलता. बघत होता हेच खूप.

आणि संध्याकाळी उभा राहिला. हवालदाराने बगलेत धरलं होतं, पाय लटलटत होते, तोंड पांढरं पडलं होतं, पण उभा! त्याची उंची विसरलेच होते मी. वर बघावं लागलं.

मंगळवार, २९ सप्टेंबर

छे! उचललं.

खिडकी आणि पलंग यांच्या मधे दोन ओळींची जोडणी वर आलीय. नखाएवढी. डोळ्याला दिसत नाही, हाताला लागते. चाक त्यावरून गेलं की टक्. हवा ही अशी ओली, कपडे वाळत नाहीत, आणि त्यात ही.

तो म्हणाला, "तुझी जीभ बाहेर आली बघ."

आणि हसला. मला कळेना, हसू की रडू. कड नापास होतेय आणि माणूस हसतोय.

शनिवार, ३ ऑक्टोबर

आता रोजचंच झालंय. कामावरून आले की हातपाय धुऊन जमिनीवर बसायचं, पातळ लोखंडी पत्ती घेऊन प्रत्येक जोडणी चाचपायची. तो खुर्ची पुढे घेतो, मागे घेतो. मी कान जमिनीला लावून ऐकते. "आत्ता?" "नाही." "आत्ता?" "हं, इथे. परत ये." दंडात जोर आलाय त्याच्या. पूर्वी दारापर्यंत जाऊन धापा टाकायचा.

आणि बोलतो! कुठल्या घरात कसली जमीन, कुणाची भिंत किती वाकडी, कोणत्या गिऱ्हाइकाने कपाट हलवायला नकार दिला आणि कपाटाभोवती जमीन घालायला लावली. आज आम्ही कसे भेटलो ते निघालं. कारखान्याच्या फाटकात आरडाओरडा करत आला होता हा — "ही कड कुण्या गाढवाने काढलीय? बोटं सोलली माझी!" मी बाहेर जाऊन म्हटलं होतं, "गाढव मी."

"तेव्हाच पळायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो, पाय होते तेव्हा," मी म्हटलं — आणि जीभ चावली. काय बोलून गेले! पण तो एवढा हसला की खुर्ची मागे सरकली.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

नवा आकडा कापून घेतला, मधल्या ओळी बदलल्या. परत उचललं. आता नख नाही, बोटाचं पेर.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

टाचणीने सगळ्यांसमोर विचारलं, "यंत्रावर काहीच होत नाही, तुमच्याच घरी कसं होतं?" मलाच नाही कळत. आकडा खोल केला, उथळ केला, जीभ बारीक केली. रात्रंदिवस तेच डोक्यात. माझं काढलेलं मलाच कळेनासं झालंय, याहून वाईट काय असतं?

साहेबांनी बाजूला बोलावलं. आवाज फार गोड, म्हणजे बातमी वाईट. "बाहेरची तयार कड घेऊन टाकू का आपण? त्यांची सिद्ध झालेली आहे." त्यांची घेतली की आमच्याकडे कड काढणारीचं काम काय? हे ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. महिनाअखेरपर्यंत मुदत. नाहीतर घरातली पॅनेल उचलून आणायची.

येताना बसमध्ये नोकरीचा विचार आलाच नाही, खरं सांगायचं तर. डोळ्यांसमोर ती खुर्ची आली, दाराआड. पॅनेल गेली की तो कशाला बसेल तिच्यात? परत टॉवेल वाळतील.

त्याला काही बोलले नाही. विचारलं त्याने, "काय म्हणतात तुझे साहेब?" "काय म्हणणार, खूश आहेत."

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

आज हवालदार नसताना उभा राहिला. खांबाला धरून, एकटा. मला दाखवायला.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

चपलांच्या मोठ्या दुकानात माझी जुनी कड आहे. त्यानेच घातलेली जमीन, लग्नाच्या आधी. आज वाट वाकडी करून गेले. विकणारी पोरगी विचारतेय कितीचं माप, आणि मी खाली बघत उभी. इतकी वर्षं हजार पाय फिरले तिच्यावर, एक जोडणी हललेली नाही. तेव्हा मला जमत होतं. आता काय झालंय? म्हातारी झाले का मी? की डोकं दुसरीकडे असतं म्हणून हाताला येत नाही?

चप्पल न घेताच बाहेर पडले. पोरगी काय म्हणाली असेल!

रविवार, १८ ऑक्टोबर

लिहू की नको. लिहिते.

हवालदार म्हणाला खांब किंचित हलतो. आवळायला बसले. एक बोल्ट तिरका गेला होता, तो बदलायचा म्हणून आधी चारही सैल केले.

चौथा सैल झाला आणि जमिनीने आवाज केला. कट् — कट् — कट् — पलंगापासून खिडकीपर्यंत. आणि कुबड बसलं. माझ्या डोळ्यांदेखत! हात फिरवला. काही नाही. सपाट.

क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. खिडकीच्या टोकाला लोखंडी कपाट, कपड्यांनी ठासलेलं. या टोकाला खांबाची थाळी, पॅनेलसकट काँक्रीटला जखडलेली. मधली सगळी जमीन ओल्या हवेत फुगतेय आणि तिला सरकायला जागाच नाही. भिंतीपाशी मोजून फट सोडली आणि आठवड्याने मधोमध स्वतःच्या हाताने खिळून टाकली! अशी जमीन कुठेही खिळायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. नव्या लोकांना मीच देते तो. त्याला उभं राहायला खांब मिळतोय या आनंदात माझं डोकं कुठे चरायला गेलं होतं? कडेत काही खोट नव्हती. कधीच नव्हती.

वर बघितलं. तो खुर्चीत. त्याला नवल वाटलेलं नव्हतं.

"तुला ठाऊक होतं."

"हं."

"कधीपासून?"

"तू ड्रिल मारत होतीस तेव्हापासून."

तळपायाची आग मस्तकात गेली. का नाही बोललास? का?

"तेव्हा मला कशाचंच काही नव्हतं. म्हटलं, पाडू दे भोकं."

"आणि नंतर?"

खाली बघत राहिला. "नंतर तू इथे बसायला लागलीस."

"मग?"

"सांगितलं असतं तर उठून गेली असतीस."

त्यावर मी जे काही बोलले ते सगळं लिहवत नाही. तिकडे माझी रोज अब्रू जातेय, टाचणी मला पाण्यात बघतेय, साहेब मला काढायला निघालेत आणि तू मूग गिळून इथे चाकं फिरवत बसलास! तुझ्या पाठीबरोबर माझंही मोडायचं होतं का तुला?

शेवटचं नको होतं बोलायला. बोलले.

तो पलंगाच्या काठाला धरून उठला, स्वतःच पलंगावर गेला. आधार द्यायला पुढे झाले तर हात झटकला. मग भिंत.

सोमवार, १९ ऑक्टोबर

कुणीच बोललं नाही.

बुधवार, २१ ऑक्टोबर

थाळीभोवतीचं पॅनेल कापून मोकळं केलं, फट झाकायला वर एक कडं बसवलं. खांब काँक्रीटला घट्ट, जमीन आपली मोकळी. कपाटही तिथून हलवलं, बाहेरच्या खोलीत. एवढंसं काम! संध्याकाळच्या आत झालं. तो सगळा वेळ पाठ करून पडून होता. झोपलेला नव्हता. झोपला की त्याचा श्वास वेगळा असतो.

एक गोष्ट सारखी टोचतेय. मी खाली बसत होते ती कुणासाठी? सुरुवातीला त्याच्यासाठी, हे नक्की. कड हे नुसतं निमित्त होतं. मग केव्हातरी उलटं झालं. "आत्ता?" म्हणून विचारायचा तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघतही नव्हते, कान जमिनीला. तो बोलायचा आणि मी हं हं करत पत्ती सरकवायची. कपाट न हलवणाऱ्या गिऱ्हाइकाची गोष्ट त्याने दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा तर मला उत्तरार्ध ऐकूच आला नाही. त्याला हे कळलं असेल का? कळलं असेल, आणि तेवढ्यावरही तो खूश असेल? याचं जास्त वाईट वाटतं.

शनिवार, २४ ऑक्टोबर

खुर्ची फिरवायला कुणी नाही. शेवटी नणंद बसली आणि मी ढकलली. "वहिनी, वळण हळू हो, गरगरतं!" दोघी घामाघूम. एरवी हसून लोळलो असतो. तिने पलंगाकडे बघितलं, मीही बघितलं, मग आम्ही नुसत्याच खिडकीपासून दारापर्यंत येत-जात राहिलो.

जमीन हललीसुद्धा नाही.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर

पास.

साहेब स्वतः येऊन बघून गेले, टाचणीही. तिने गुडघे टेकून एकेक ओळ तपासली. हा तिकडे तोंड करून पडलेला, त्यांनी आवाज न करता सगळं केलं. एखाद्या आजाऱ्याला भेटायला आल्यासारखं. टाचणी दारात म्हणाली, "कड चांगली आहे." तिच्या तोंडून हे म्हणजे सोन्याचं पदक! साहेबांनी विचारलं, मग अडलं होतं कुठे? बसवण्यात चूक होती, म्हटलं. कुणाची? माझी. ते हसले, त्यांना वाटलं मी विनयाने बोलतेय.

पेढे-बिढे काही वाटले नाहीत. त्याच्या उशाशी जाऊन सांगितलं, "पास झाली." तो म्हणाला, "हं."

खिडकी लावू का विचारलं नाही. लावली.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

मशीनवर कड चढवायचं काम सुरू झालंय. कटरवाला आणि मी, जेवायलाही फुरसत नाही. घरी येईपर्यंत पाठ मोडते. खाली बसणं नाहीच. तपासायला काही नाही. त्याचं ताट देते, त्याचं ताट उचलते. अर्धं उरतं.

आज पलंगाच्या काठावर बसून म्हटलं, "चुकलं माझं. ते पाठीचं बोलायला नको होतं."

"चूक कसली," तो भिंतीला म्हणाला. "जमीन सपाट झाली ना."

सोमवार, ९ नोव्हेंबर

हवालदाराने हात टेकले. "मॅडम, मी एकटा किती ओढू? ते नुसते लाकडासारखे पडून राहतात. पोटऱ्या परत वाळायला लागल्यात. उभं राहिलेला माणूस असा बसला की परत उठवणं अवघड असतं हो." दारातच बोलला, तेही आवाज कमी न करता. बरं केलं. निदान त्याला तोंडावर सांगितलं कुणीतरी.

खुर्ची दाराआड ठेवलेली नाही मी. मधेच ठेवलीय, त्याला दिसेल अशी. भिंतीकडे तोंड करणाऱ्याला काय दिसणार!

बुधवार, ११ नोव्हेंबर

नणंद बराच वेळ पदराशी चाळा करत होती. मग म्हणाली, "वहिनी, रागावू नका. दादाला मी घेऊन जाते. तुम्ही दिवसभर बाहेर. माझ्या घरी पोरं आहेत, गोंगाट आहे, त्याचं मन लागेल."

रागावू कशी? ती बरोबर बोलतेय. म्हटलं, त्यालाच विचार.

विचारलं. मी दारात उभी होते. वाटलं होतं, नाही म्हणेल. निदान थांबेल जरा, मान वळवेल, मी आहे का ते बघेल.

"जातो," म्हणाला.

रविवारी गाडी घेऊन येणार आहेत.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

त्याची बॅग भरायला घेतली. किती थोडे कपडे लागतात झोपून राहणाऱ्या माणसाला! कामाची पँट वर आली, गुडघ्यांवर चामडं शिवलेली. ती काढून ठेवली. मग परत घातली. मग परत काढली.

तो गेला की काय करायचं? कारखान्यातून यायचं आणि? सगळे म्हणतात तुला आराम मिळेल. मला नकोय तो आराम. हे त्याला सांगावं तर तोंडच उघडत नाही माझं. दोन कडा समोरासमोर आणून कशा अडकवायच्या ते सगळ्या जगाला सांगते, आणि घरात ही गत.

शनिवार, १४ नोव्हेंबर

दार उघडलं तर हा जमिनीवर! पलंगाला पाठ टेकून, पाय समोर पसरलेले, सदरा घामाने चिंब. किंचाळलेच मी. हातातलं सगळं टाकून धावले — कसा पडलास? कुठे लागलं? पाठीला लागलं का?

"पडलो नाही. उतरलोय."

"कशाला?"

"तू खाली यायची बंद झालीस. मग म्हटलं..." पुढचं बोलला नाही. नणंद दुपारी गेल्यापासून उतरत होता म्हणे, थांबत थांबत.

बसले शेजारी. पत्ती नाही, काही नाही. कपाटवाल्या गिऱ्हाइकाचं पुढे काय झालं ते विचारलं. सांगितलं त्याने, पहिल्यापासून. नणंदेला फोन केला, उद्या गाडी आणू नका. ती का, का करत राहिली, मी ठेवून दिला. याला आता वर कसं चढवायचं ते दोघांनाही सुचत नाहीये. हेही इथेच खाली बसून लिहितेय. मान वाकडी करून बघतोय मेला. "जोडणीचंच लिहितेस ना?"

नाही, म्हटलं.